जुळं भांडं

प्रिय धाकटे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही. गॅसवर दूध आहे म्हणून ठेवून दिला. गॅसवर काही नव्हतं. भांडी पालथी घालून झाली होती, ओटा पुसून झाला होता, आणि फोन ठेवल्यावर मी त्या कोरड्या ओट्यापाशी नुसती उभी राहिले. तू म्हणाली होतीस, "जाऊबाई, माझा हात गेला हो." बावीस वर्षं शाळेतल्या तीनशे पोरांना रोज जेवू घालणारी बाई असं म्हणते, आणि मी तिला दुधाचं निमित्त सांगते. पण फोनवर मला खरं बोलणं जमत नाही. समोरचं माणूस मध्येच "असू द्या हो" म्हणतं आणि आपण सुटतो. तू तर पहिल्याच वाक्याला म्हणशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. कागद मध्ये बोलत नाही.

आधी इकडची खबरबात देते, म्हणजे हात जरा मोकळा होईल. गुडघा आहे तसाच आहे. जिन्यावर चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पुन्हा मांजर पाळलंय आणि आपण पाळलं नाही असं सगळ्यांना सांगतात. ते आपलं आपणच येतं म्हणे, यांच्या उशीवर झोपायला. वाचनालयातल्या बाई मला आता दोनऐवजी तीन पुस्तकं देतात. म्हणतात, तुम्ही वेळेवर परत आणता आणि पानं दुमडत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर ह्यांनी पेपर सुरू केला तेव्हा मी आधी फक्त पाककृतींचं पान वाचायचे, मग निधनाच्या बातम्या, मग हळूहळू सगळंच. तू मला चिडवायचीस, "जाऊबाई, भाजीच्या पुडीचा कागद तरी सोडा." ते गेल्यापासून मात्र मी वाचते ते घरात आवाज असावा म्हणून. मनातल्या मनात वाचलं तरी कुणीतरी बोलतंय असं वाटतं. त्या पुस्तकांतली माणसं चुका फार सुंदर कबूल करतात. खिडकीशी उभी राहतात, एक वाक्य बोलतात, आणि प्रकरण संपतं. माझं तसं होणार नाही. मला सगळं सांगावं लागेल, भांड्यापासून.

तर आधी भांड्याचं. मी टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते एवढं तुला ठाऊक आहे. नेमकं काय करते ते मी कधीच सांगितलं नाही. विचारलंस की म्हणायचे, "चिरणं-सोलणं, दुसरं काय." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. शनिवार-रविवारी सकाळी लोक अंथरुणातच टीव्ही लावतात तेव्हा पडद्यावर एक लख्ख स्वयंपाकघर दिसतं, तेही थेट, जसं घडतं तसं, त्यात कुणीतरी नट किंवा गायिका हसत हसत कांदा चिरते आणि वीस मिनिटांत गप्पा संपेपर्यंत पदार्थ तयार होतो. वीस मिनिटांत काय होतं गं? कांदा तरी धड परततो का? त्या भिंतीच्या मागे एक दुसरं स्वयंपाकघर आहे. त्याला खिडकी नाही, भिंतीला रंग नाही, आणि मोरीचा नळ गळतो. तिथे मी पहाटेपासून तोच पदार्थ, तसल्याच भांड्यात करत असते. आम्ही त्याला जुळं म्हणतो. प्रत्येक भांडं दुकानातून दोन-दोन आणलेलं असतं, झाकणासकट, अगदी दांडीवरच्या खिळ्यासकट. जाहिराती लागल्या की समोरचं कच्चं भांडं मागे येतं आणि माझं शिजलेलं पुढे जातं. दीड मिनिटाचं काम. आमचा एकजण सतत कानात यंत्र घालून फिरत असतो, त्याला सगळे कानवाला म्हणतात. तो बोट वर करतो, आणि मी भांडं उचलते.

नट मंडळींना हे ठाऊक असतं. पण अधूनमधून घरची माणसं येतात ना, प्रेक्षकांतून निवडलेली, पाहुण्यांना आपला पदार्थ शिकवायला, त्यांना कळू द्यायचं नाही असा नियम आहे. निर्मातीबाई म्हणतात, "कळलं की त्यांचे डोळे चुगली करतात. नटांचे करत नाहीत, त्यांचं पोटच त्यावर आहे." मग जाहिराती लागल्या की त्या माणसाला बाजूला वळवतात. कुणी चेहऱ्यावरचा घाम टिपतं, कुणी पदराला लावलेला माइक नीट करतं, आणि त्याच्या पाठीमागे जुळं बदलतं. आम्ही सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या आहेत की हे बाहेर सांगणार नाही. मी तुलाही सांगितलं नाही. आता सांगते आहे.

समजलं असेल तुला. इथे थांबून पुन्हा वाच हवं तर. त्या रविवारी कार्यक्रमात त्या पाहुण्या बाईंनी चमचाभर तोंडात घेतलं आणि रुमालात थुंकलं ते सूप तू केलेलं नव्हतं. ते मी केलं होतं.

तुझं नाव मीच दिलं होतं, तेही तुला माहीत नाही. चिठ्ठ्यांतून निघालं असं तुला वाटलं. मी निर्मातीबाईंना म्हटलं, माझी एक जाऊ आहे, शिळा पाव आणि कांदा एवढ्यावर असं सूप करते की ताट चाटावं. खरं तर ते सूप मी एकदाच खाल्लं होतं, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, तेही उभ्याउभ्या. मला तुला बोलवायचं होतं कारण माझं कामाचं ठिकाण तू बघावंस. ह्यांनी जिथे एकोणीस वर्षं दिवे लावले ती जागा. पुढच्या स्वयंपाकघरातल्या कट्ट्याच्या बरोबर वर जो दिवा आहे ना, त्याच्या पट्टीवर अजून ह्यांच्या हातचा आकडा आहे, सात, मधे आडवी रेघ मारलेला. तो मला तुला दाखवायचा होता. म्हणजे बघ, मनात काही वाईट नव्हतं. हे मी स्वतःलाही पुन्हा पुन्हा सांगते.

तू आलीस ती निळी साडी नेसून, आणि मागच्या दाराने आत येताना सगळ्या केबलींना पाय लागू नये म्हणून अशी चाललीस जणू पाण्यातून चाललीयेस. त्या दिवशीची पाहुणी कोण आहे कळल्यावर तुझा चेहरा उतरला. मालिकेतली ती खाष्ट सासू. माझा दंड धरून विचारलंस, "जाऊबाई, ती घरीही तशीच बोलते का हो? मला फाडून खाईल." मी म्हटलं, "फाडून खायला सूप आहे, तू गप उभी राहा." तू हसलीस. मग ती आली आणि तुझ्या पाया पडली, वयाने लहान म्हणून, आणि तू इतकी गडबडलीस की तूही वाकलीस, आणि दोघींची डोकी आपटली. सगळा सेट हसला. मीही हसले. ते हसणं चांगलं होतं.

मग मी मागे गेले. मागच्या स्वयंपाकघरात एक छोटा टीव्ही आहे, पुढे काय चाललंय ते कळायला. माझं जुळं जवळजवळ झालं होतं. कांदा मंद आचेवर पाऊण तास परतलेला, पाणी, पाव, मिरपूड, मीठ, तू दिलेल्या कागदाबरहुकूम सगळं. मीठ घालून झालं होतं. नुसतं उकळायचं राहिलं होतं. टीव्हीत तू कांदा चिरत होतीस, आणि आमचा सूत्रसंचालक, ज्याला आम्ही मागे मधाची बाटली म्हणतो, तो काहीतरी पाचकळ बोलत होता. ती नटी मात्र काही बोलत नव्हती. फक्त तुझ्याकडे बघत होती. काही माणसांना तशी कला असते, ती प्रश्न विचारत नाहीत, आणि समोरच्याच्या पोटातलं आपोआप बाहेर येतं. तिने एवढंच विचारलं, "हे कुणाला फार आवडायचं?"

आणि तू सांगितलंस. तू काय सांगितलंस ते तुला शब्दन् शब्द आठवत असेल की नाही कोण जाणे, मला आठवतं. तू म्हणालीस, "माझ्या थोरल्या दिरांना. ते आजारी होते तेव्हा शेवटचा दीड महिना त्यांना दुसरं काही घशाखाली उतरायचं नाही. जाऊबाई सकाळी डबा ठेवून कामाला जायच्या. मी दुपारी हे सूप घेऊन जायचे. ते म्हणायचे, हिला सांगू नकोस, हिला वाटेल हिच्या हातची चव गेली. मग तो डबा मी घरी नेऊन रिकामा करायचे आणि घासून पुन्हा ठेवायचे." आणि मग तू कॅमेऱ्याकडे वळलीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं कुठे बघायचं, तरी बरोबर बघितलंस. "जाऊबाई, आज सांगितलं. रागावू नका."

धाकटे, तू ते प्रेमाने सांगितलंस. मला तेव्हाही कळत होतं. ओझं होतं तुझ्यावर तीन वर्षांचं, आणि ते दिवे, ती हळवी बाई, तुझं तुलाच आवरलं नाही. पण तो डबा माझ्यासाठी काय होता ते तुला माहीत नव्हतं. तेव्हा मी शिलाईच्या कारखान्यात होते. तिथून संध्याकाळी पाय ओढत घरी यायचे, ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून झालेलं होतं. आणि मी डबा उघडायचे आणि तो रिकामा असायचा. मी म्हणायचे, "जेवलात?" ते मान हलवायचे. मी त्या डब्यात काय काय घालायचे! सगळं दाट, सगळं तुपातलं, अंगात ताकद यावी म्हणून. ते गेल्यावर लोक समजावायला आले तेव्हा मी प्रत्येकाला तेच सांगितलं, शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवले. तुलाही सांगितलं. तू मान हलवलीस, त्यांच्यासारखीच. तीन वर्षं मी त्या रिकाम्या डब्यावर काढली. दुसरं माझ्याकडे होतंच काय? आणि ते सगळं एका रविवारी सकाळी, न्याहारीच्या वेळेला, घराघरांत सांगितलं गेलं, आणि मला ते मोरीशेजारच्या टीव्हीतून कळलं.

माझा हात मिठाच्या बरणीत होता. केव्हा गेला कळलं नाही. टीव्हीकडे बघत मी मूठभर मीठ जुळ्यात घातलं, आधीचं घातलेलं असताना. मग कानवाल्याने बोट वर केलं. तुझा घाम टिपायला मुलगी पुढे झाली. माझं भांडं गेलं, तुझं आलं.

पुढचं सगळ्या जगाने बघितलं. तू झाकण काढलंस आणि म्हणालीस, "अगंबाई, इतक्यात झालंसुद्धा?" आणि मधाची बाटली म्हणाली, "आमची शेगडी फार कामसू आहे." मग तिने चमचा तोंडात घातला. बिचारीने गिळायचा प्रयत्न केला, मी बघितलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण नाहीच गेलं खाली. रुमालात थुंकली. आणि प्रसंग सावरायला म्हणून म्हणाली, "मावशी, समुद्रच उचलून आणलात की!" ती चेष्टेने म्हणाली, वाईट मनाने नाही. पण समोर बसलेले सव्वाशे लोक जे हसायला लागले ते थांबेनात. मधाच्या बाटलीने वर भर घातली, "दिरांवरचं प्रेम जरा जास्तच उतरलंय!" तू पण हसलीस. हात कुठे ठेवायचे ते न कळून पदराला पुसत राहिलीस, पुसत राहिलीस, आणि हसलीस.

त्यानंतर जे झालं त्याची मला त्या मिठाहून जास्त लाज वाटते. तू कार्यक्रम संपल्यावर बोळात आलीस, जिथे भिंतीला लोखंडी स्टँड टेकवून ठेवलेले असतात. माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "जाऊबाई, तुमच्या कामाच्या जागी तुमची मान खाली घातली मी." तू म्हणालीस, "पण मी एकदाच घातलं होतं हो मीठ. मला चांगलं आठवतंय. एकदाच." माझ्याकडे बघत होतीस. मी फक्त हो म्हणायला हवं होतं. हो, एकदाच घातलंस. एवढं बोलून मी सगळं थांबवू शकले असते, भांड्यांचं गुपित न फोडतासुद्धा. आणि मी काय म्हटलं? "घाबरलं की हात आपला राहत नाही, धाकटे. होतं असं." तुझ्या डोळ्यांसमोर मी तुझी आठवण खोटी पाडली. तू मान डोलावलीस. म्हणालीस, "हो, घाबरले होते खरी." तिथून तुझा हात गेला. तो त्या दिवशी कट्ट्यावर गेलेला नाही, बोळात गेला, आणि मी पाठवला.

तुला मेकअपच्या खोलीत बसवून पाणी दिलं. तू आत रडत होतीस तेव्हा मागे काय चाललं होतं ते ऐक, हे तुला ऐकायलाच हवं. समोरून परत आलेलं भांडं मी सवयीने शेगडीवर चढवते आणि शिजवून घेते, कामगारांची न्याहारी होते त्यावर. तुझंही चढवलं होतं. त्यात तू समोर, सगळ्यांच्या देखत, घातलेलं मीठ होतं, तेवढंच. मी चिमूटभरही वर घातलं नाही. शपथेवर सांगते. कॅमेरावाले, दिवेवाले, कानवाला, सगळे वाट्या घेऊन आले. पहिला घोट घाबरत घेतला त्यांनी, समुद्र म्हणून. मग एकाने विचारलं, "अजून आहे का?" जाड्या कॅमेरावाल्याने तीनदा घेतलं आणि पावाच्या तुकड्याने भांडं आतून पुसून काढलं. कानवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मग पुढे काय गेलं होतं?" मी म्हटलं, "तुझं काम कर." त्याने डोळे खाली घातले. त्याला कळलंय. तो चांगला माणूस आहे, कुणाला बोलला नाही, पण त्या दिवसापासून मला 'मावशी' म्हणायचा तो 'बाई' म्हणतो.

मीही एक वाटी घेतली. उभ्याउभ्या, मोरीपाशी. तुझं सूप पातळ होतं. त्यात तूप नव्हतं, ताकद नव्हती, काही नव्हतं. कांद्याचा गोडवा आणि ऊन पाणी. घशाखाली आपोआप उतरलं. तेव्हा मला कळलं की ते काही तुझ्या हाताला माझ्याहून जास्त मानत नव्हते. त्यांना गिळता येत नव्हतं, आणि मी त्यांना दाट करून करून घालत होते. तू एकदा त्यांच्याकडे नीट बघितलंस आणि पातळ केलंस. एवढाच फरक. मी दीड महिना डब्यात बघितलं, तू माणसाकडे बघितलंस.

हे तेव्हाच कळलं होतं, तरी सात महिने गप्प बसले. आधी तू हसून सांगायचीस, पोरं मला समुद्रबाई म्हणतात म्हणून. रांगेत उभी राहून विचारतात, आज भरती की ओहोटी. मग तू सांगायची बंद झालीस. मग दिरांकडून कळलं की तू मीठ चमच्याने मोजतेस, आणि मोजून झालं की मदतनीस बाईला विचारतेस, मी घातलं ना? किती वेळा घातलं? मग पोरांचं जेवण अळणी जायला लागलं, आयांच्या तक्रारी आल्या. दर रविवारी मी भिंतीमागे जुळं करत होते आणि मनात म्हणत होते, पुढच्या आठवड्यात सांगेन. परवा सोमवारी निर्मातीबाईंनी सांगितलं की वर्षपूर्तीच्या भागात तुझा तो तुकडा पुन्हा दाखवणार, लोकांनी तो सगळ्यात जास्त बघितला म्हणे. तेव्हा मात्र मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तुकडा काढून टाका म्हटलं. त्या बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिल्या. म्हणाल्या, "तुकडा काढते. चूक झाली, माणसाकडून होते. पण जुळ्याचं बाहेर बोललात तर तुम्हाला ठेवता येणार नाही." मी बरं म्हटलं. मग घरी आले, आणि तुझा फोन आला.

आता राहिलेलं लिहिते. इथवर येऊन दोनदा पत्राची घडी घातली, कारण निर्मातीबाईंना सांगितलं तेही पूर्ण नव्हतं. त्यांना चूक म्हणून सांगितलं, वर तुलाही चूक म्हणूनच लिहिलं, टीव्हीकडे बघताना हात गेला म्हणून. मीठ पडलं ती चूक होती, ते खरं. पण भांडं पुढे जाण्याआधी मी चाखते. कायम चाखते, त्याशिवाय माझ्या हातून भांडं सुटत नाही. त्या दिवशीही चाखलं. जीभ भाजल्यासारखं झालं. बोट वर व्हायला अजून चार मिनिटं होती. बाजूला दुसरं तयार सूप होतं, अडीअडचणीला ठेवतो ते, मीठ बेताचं. ते ओतायचं होतं फक्त. मी ओतलं नाही. मी चमचा धुतला, जागेवर ठेवला आणि झाकण घातलं. मला वाटलं, जे माझ्या नवऱ्याने गिळलं ते एका तरी माणसाने थुंकावं. चार मिनिटं मी हेच मनात धरून उभी होते, डोकं ठिकाणावर होतं, कुणी फसवलं नव्हतं मला. परवा तू म्हणालीस की येत्या सोमवारी शाळेच्या स्वयंपाकघराची किल्ली मुख्याध्यापिकेला देणार, आता पोरांच्या पोटाशी खेळ नको. ती किल्ली देऊ नकोस. हे पत्र देऊन ये त्यांना, किंवा वर्गात मोठ्याने वाचून दाखवायला सांग, मुलांनाही कळू दे समुद्रबाई कोण ते. माझ्या नोकरीचा विचार करू नकोस, तो मी करून मगच पाकीट आणलंय. मला माफ कर असंही लिहीत नाही, नाहीतर तू लगेच करशील. सोमवारी सकाळी जा, मोठं पातेलं चढव, मीठ एकदाच घाल, आणि कुणाला न विचारता पुढच्या कामाला लाग.

तू अजून मानत असशील तर तुझीच,
थोरली